मोजणारी यंत्रे आणि स्थिर वीज : घरातल्या मीटरपासून ठाण्याच्या कारखान्यापर्यंत

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



बँकेतून निवृत्त झालेला माणूस व्याजदरावर बोलेल, अशी तुमची अपेक्षा असणार. पण मी आज बोलणार आहे विजेवर. कारण आपल्या शहाद्यात लाईट जाणे, लाईट डिम होणे आणि लाईटबिलावरून वाद होणे या तिन्ही गोष्टी घरोघरी माहीत आहेत. आपल्या मासिक सभाही त्याला अपवाद नाहीत!

१९८४ साली डॉ. रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा अहवाल दिला. त्यानंतर हळूहळू शाखांमध्ये लेजर पोस्टिंग मशीन आले, मग कॉम्प्युटर आले. आम्हाला वाटायचे, कॉम्प्युटर आला की काम झाले. पण त्याच्या शेजारी युपीएस नावाचा जड डबा लागायचाच. वीज मध्येच गेली तर अर्धवट पोस्टिंग राहायचे आणि संध्याकाळचा ताळा जुळायचा नाही. तेव्हा समजले की यंत्र कितीही हुशार असो, त्याला मिळणारी वीज स्थिर पाहिजे.

ही स्थिर वीज देणारी आणि वीज मोजणारी उपकरणे एके काळी बहुतेक परदेशातून यायची. त्यासाठी आयात परवाना हवा, परकीय चलन हवे. अशा काळात प्रभाकर देवधर या मराठी इंजिनिअरने १९६२ साली अप्लाइड इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजेच ‘अ‍ॅप्लॅब’ ही कंपनी सुरू केली. ठाण्यात तिने प्रयोगशाळेचे पॉवर सप्लाय, मोजमापाची उपकरणे आणि पुढे युपीएस बनवले. हेच देवधर राजीव गांधींच्या काळात देशाच्या इलेक्ट्रॉनिक्स कमिशनचे अध्यक्ष झाले. तसेच नाशिकच्या मोटवाने कारखान्याचे मल्टीमीटर. आयटीआय केलेल्या अनेकांनी ते हाताळले असतील.

पॉवर सप्लाय करतो तरी काय? बँकेच्या भाषेत सांगतो. कॅशियर हातातली रोकड पुस्तकाशी ताडून पाहतो, फरक दिसला की शोधतो. पॉवर सप्लायही बाहेर जाणारा व्होल्टेज एका ठरलेल्या व्होल्टेजशी सतत ताडून पाहतो आणि कमी-जास्त झाले की लगेच दुरुस्त करतो. जुन्या पद्धतीत जास्तीची वीज उष्णता होऊन वाया जायची, शिवाय आत जड ट्रान्सफॉर्मर. नव्या पद्धतीत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून हवी तेवढीच पुढे सोडतात. म्हणून तोच डबा आता मोबाईलच्या चार्जरएवढा झाला. चार्जरवरचे बारीक अक्षर वाचा : १०० ते २४० व्होल्ट. आपल्याकडे लाईट डिम झाली तरी मोबाईल चार्ज होतो, तो यामुळे.

आता घरातल्या मीटरकडे या. हंगेरीच्या ओट्टो ब्लाथी यांनी १८८९ मध्ये फिरत्या चकतीच्या मीटरचे पेटंट घेतले आणि ती चकती शंभर वर्षांहून जास्त काळ जगभर फिरली. आता इलेक्ट्रॉनिक मीटर आहेत. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी, समजा, ३२०० असा आकडा असतो. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातले सगळे बंद करून फक्त १००० वॅटची इस्त्री लावा आणि एक मिनिट मोजा. साधारण ५३ वेळा लुकलुकला तर मीटर बरोबर. सगळे बंद असतानाही दिवा लुकलुकत असेल, तर कुठेतरी वीज जाते आहे. वायरमनला बोलवा.

हे सांगण्यामागे कारण आहे. पाण्याच्या मोटारीचे बिल जास्त का आले, यावरून आपल्यात मने दुखावली गेली आहेत. पंचवीस वर्षांचे शेजारी एका बिलासाठी बोलेनासे व्हावेत, हे बरे नाही. ३ एचपीची मोटार तासाला साधारण अडीच ते तीन युनिट घेते. मोटार किती तास चालली आणि मीटरचे रीडिंग काय, याची वही ठेवली तर संशयाला जागाच राहत नाही. आणि व्होल्टेज फार कमी असताना मोटार चालू करू नका. ती जास्त करंट ओढते, तापते आणि वायंडिंग जळते. मग रिवायंडिंगचा खर्च सगळ्यांच्या माथी.

दुसरी गोष्ट पैशापेक्षा मोठी. टाकीजवळ ओल असते, मुले तिथेच खेळतात. ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवणे आणि वर्षातून एकदा अर्थिंग तपासून घेणे, एवढा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत करावा, ही माझी विनंती. रंग नंतर देता येईल.

आणि मुलांनो, तुम्ही पुण्याला, नाशिकला, सुरतेला शिकायला जाता. बिघडलेला चार्जर फेकण्याआधी तो कसा चालतो, हे जाणत्याकडून समजून घ्या. मात्र प्लगला लावलेला असताना उघडू नका! देवधरांच्या पिढीने आयात केलेल्या वस्तूकडे पाहून ‘हे आपण का करू नये?’ असे विचारले. हा प्रश्न शहाद्यातही विचारता येतो.

आधी मोजा, मग बोला, एवढेच माझे सांगणे. सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.