प्रोग्रॅमलाही फेरफार नोंद हवी

(बीड येथे एम.एस्सी.चे विद्यार्थी आणि तरुण प्राध्यापकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मित्रांनो आणि बहिणींनो, इथे बसलेल्यांपैकी बहुतेक जण रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्राचे आहेत. सॉफ्टवेअर इंजिनिअर व्हायचं म्हणून कुणी आलेलं नाही. तरी तुमच्या प्रोजेक्टमध्ये कुठेतरी पायथॉनचा पन्नास-साठ ओळींचा प्रोग्रॅम असतो, नाहीतर एक्सेलची लांबलचक शीट असते. त्यातून आलेख निघतो आणि आलेखावरून निष्कर्ष. म्हणजे तो प्रोग्रॅम तुमच्या प्रयोगाचं एक उपकरण झाला. प्रयोगशाळेत वजन करण्याआधी काटा शून्यावर आहे का, हे आपण पाहतो. प्रोग्रॅमचा काटा कोण पाहतं?

न पाहिल्यानं काय होतं, ते सांगतो. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेत जेफ्री चँग हे नावाजलेले शास्त्रज्ञ प्रथिनांची रचना शोधत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एका प्रोग्रॅमनं माहितीचे दोन रकाने उलटे केले होते. त्यामुळे चिन्ह बदललं आणि रचनाच उलटी निघाली. प्रोग्रॅम बंद पडला नाही, त्यानं कसली तक्रारही केली नाही. २००६ मध्ये दुसऱ्या गटाचं काम समोर आलं तेव्हा चूक कळली आणि पाच शोधनिबंध मागे घेण्याची वेळ आली. त्यात लबाडी कुणाचीच नव्हती. तपासण्याची रीत तेवढी नव्हती.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलीमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला, तर ती अतिवृष्टी धरतात. पिकाच्या नुकसानीचे पंचनामे आणि मदत, यांत हा आकडा बघितला जातो. मी वर्गात याचाच प्रोग्रॅम लिहायला देतो. पण संगणक सुरू करण्याआधी वहीत चार आकडे लिहायला सांगतो : ६४.९, ६५, ६५.१ आणि एक रिकामा रकाना. प्रत्येकासमोर उत्तर काय यायला हवं, ते आधी लिहा.

६५ वर वर्गात हमखास दोन तट पडतात. ‘पेक्षा जास्त’ म्हटल्यावर बरोबर ६५ त्यात बसत नाही, पण घाईत चिन्ह टाकताना तो बसवला जातो. रिकाम्या रकान्यावर तर खरी चर्चा होते. पर्जन्यमापक बंद होता म्हणून नोंद नाही आणि पाऊस पडलाच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रोग्रॅमनं रिकाम्या जागी गुपचूप शून्य धरलं, तर धो-धो पावसाचा दिवस कागदावर कोरडा ठरतो. ज्याच्या वडिलांचं कापूस किंवा सोयाबीन पाण्यात गेलंय, त्या मुलाला हे समजवावं लागत नाही. अपेक्षित उत्तर आधी लिहिणं आणि नंतर प्रोग्रॅमकडून ते पडताळून घेणं, यालाच सॉफ्टवेअरवाले टेस्ट म्हणतात.

दुसरी सवय नोंदीची. तुमच्या पेनड्राइव्हमध्ये ‘प्रोजेक्ट फायनल’, ‘प्रोजेक्ट फायनल नवीन’, ‘एकदम फायनल’ अशा फायली असतील. कोणत्या फाइलमधून कोणता आलेख निघाला, हे दोन महिन्यांनी खुद्द तुम्हालाही सांगता येत नाही. सातबाऱ्यावर जुनं नाव खोडरबरानं पुसून टाकत नाहीत. त्याला कंस करतात आणि फेरफार क्रमांक देतात. बदल कधी झाला, कशाच्या आधारे झाला, हे फेरफार नोंदवहीत सापडतं. गिट हे साधन प्रोग्रॅमसाठी तेच करतं. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी बनवलं. ते मोफत आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतं आणि आपल्याच मशीनवर नोंदी ठेवायला इंटरनेट लागत नाही. फक्त बदलाचं कारण नीट लिहा. ‘थोडा बदल केला’ असा फेरफार तलाठ्याकडे चालत नाही, आपल्याकडेही चालू नये.

तिसरी सवय म्हणजे दुसऱ्याचे डोळे. आपला प्रोग्रॅम वर्गमित्राला वाचायला द्यायचा. त्याला एखादी ओळ कळली नाही, तर त्याला कमी समजायचं नाही, ओळ सोपी करायची.

जे शिकवतात त्यांच्यासाठी थोडं. शास्त्रज्ञांना हे शिकवायची गरज ओळखून ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गोर्डा यांनी १९९८ मध्ये लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत अभ्यासक्रम सुरू केला. त्यातूनच ‘सॉफ्टवेअर कार्पेंट्री’ ही चळवळ उभी राहिली. तिथली रीत आपल्याला सहज जमेल : शिक्षक तयार स्लाइड दाखवत नाही, सगळ्यांसमोर एकेक ओळ टाइप करतो आणि मुलं सोबत टाइप करतात. प्रत्येकाकडे दोन रंगांच्या चिठ्ठ्या असतात. काम झालं की एक लावायची, अडलं की दुसरी. हात वर करून ‘सर, समजलं नाही’ म्हणायला आपली मुलं-मुली कचरतात. चिठ्ठी लावायला कचरत नाहीत.

भाषेचाही अडसर आहे. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसमोर लाल अक्षरांत इंग्रजी एरर आली, की ती स्क्रीनच बंद करतात. म्हणून मी एरर मोठ्यानं वाचतो आणि तिचा अर्थ मराठीत, हिंदीत, जमेल तसा उर्दूत सांगतो. एरर म्हणजे कुठे पाहायचं याचा पत्ता असतो. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मराठीतूनही धडे आहेत, ते जरूर वापरा.

पुण्याच्या कंपनीत नोकरी लागेल म्हणून हे शिका, असं मी म्हणणार नाही. लागली तर आनंदच आहे. पण उद्या तुमच्यातलं कुणी पाण्याचे नमुने तपासेल, कुणी पावसाचे आकडे जुळवेल, आणि त्या आकड्यांवर कुणाचं तरी पिण्याचं पाणी, कुणाची तरी मदत अवलंबून असेल. तो माणूस तुमचा प्रोग्रॅम कधी उघडणार नाही. त्याच्या वतीनं तो आपणच तपासायचा आहे.

या आठवड्यात एवढंच करा. तुमचं प्रोजेक्ट शेजारच्याला द्या आणि तुम्हाला फोन न करता तोच आलेख काढायला सांगा. तो जिथे अडेल, तिथून शिकायला सुरुवात करा.