मारेगावी मुक्कामास जाताना

(दौऱ्यावर जाणारे अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला नेमून दिलेला विषय वरवर पाहता अगदी सामान्य आहे. एखाद्या लहानशा तालुक्याच्या गावी जावयाचे झाल्यास आखणी कशी करावी आणि उतरावे कोठे, एवढाच तो प्रश्न. पंढरपूर किंवा नाशिक येथे जाणाऱ्याला तो फारसा पडत नाही. यात्रेकरूंच्या वर्दळीमुळे तेथे पिढ्यान्‌पिढ्या वाडे, मठ व धर्मशाळा उभ्या राहिल्या. आपल्याच विदर्भातील गाडगे महाराजांनी तेथे गरीब यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. परंतु ज्या गावी मनुष्य देवदर्शनासाठी नव्हे तर कामासाठी जातो, तेथील निवाऱ्याचा विचार सहसा कोणी केलेला नसतो. यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव हे असे एक गाव असल्यामुळे आजच्या विवेचनासाठी मी तेच निवडले आहे.

मारेगाव हे यवतमाळ–वणी रस्त्यावरील तालुक्याचे ठिकाण. यवतमाळहून येताना करंजी येथे नागपूर–हैदराबाद महामार्ग ओलांडावा लागतो, म्हणून नागपूरकडून येणाऱ्याने करंजीस उतरून पुढची गाडी धरावी हे सोयीचे. गावात रेल्वे नाही. जवळचे स्थानक वणी. ते माजरी–आदिलाबाद–मुदखेड मार्गावर असून तेथून मारेगाव वीस किलोमीटरांच्या आतबाहेर आहे. या मार्गावर गाड्या मोजक्याच असल्याने मुख्य लोहमार्गावरील वरोरा येथे उतरून वणीमार्गे रस्त्याने येणेही अनेकांना परवडते. शेवटचा टप्पा बहुधा राज्य परिवहनाच्या बसचाच असतो. तेव्हा निघण्यापूर्वी आगाराकडे दोन गोष्टी विचाराव्यात : पोहोचविणारी गाडी कोणती आणि परतीची शेवटची कोणती. दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व पुढे सांगणार आहे.

ऋतूचा विचार थोडक्यात सांगतो. एप्रिल–मे महिन्यांत या भागात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. त्या दिवसांत दुपारची गावभेट ठेवणे म्हणजे पाहुण्याला व यजमानाला सारखीच शिक्षा. पावसाळ्यात वर्धा नदीकाठच्या गावी जाण्यापूर्वी तहसील कार्यालयात रस्त्याची चौकशी केल्याशिवाय निघू नये. २०२२ च्या पावसाळ्यात नदीकाठच्या गावांना पुराने कसे वेढले होते, हे येथे बसलेल्यांपैकी कित्येकांनी पाहिले आहे. पोळ्याच्या दिवशी मात्र कोणतीही तपासणी काढू नये. त्या दिवशी मान बैलांचा असतो, अधिकाऱ्यांचा नव्हे.

आता उतरण्याविषयी. मोठ्या हॉटेलाची अपेक्षा ठेवून तालुक्याच्या गावी जाऊ नये. पहिली चौकशी शासकीय विश्रामगृहाची. शासकीय कामावर असलेल्यास तेथे अग्रक्रम असतो. खाजगी व्यक्तीस खोली रिकामी असल्यास परवानगी मिळते, पण ऐनवेळी कोणी वरिष्ठ आल्यास ती सोडावी लागते. म्हणून बांधकाम विभागाच्या कार्यालयाकडे आधी लेखी मागणी करावी, परवानगीचा कागद जवळ ठेवावा आणि आदल्या दिवशी खानसाम्याला भ्रमणध्वनीवरून कळवावे. जेवणार की नाही, हेही त्याच वेळी सांगावे. रात्री नऊ वाजता येऊन भाकरी मागणारा पाहुणा कोणालाच आवडत नाही. विश्रामगृह न मिळाल्यास वणी गाठावी. कोळसा खाणींच्या व्यवसायामुळे तेथे ये-जा मोठी असून लॉज व खाणावळी आहेत. आणखी एक मार्ग ओळखीच्या घराचा. तो आपल्या समाजाला जितका जुना तितकाच प्रिय आहे. परंतु ज्याच्या कामाची तपासणी करावयाची त्याच्याच घरी उतरणे योग्य नाही, एवढे तारतम्य बाळगावे.

वणीत राहून रोज मारेगावी जाणे सोपे आहे, हे मलाही मान्य आहे. तरीसुद्धा एक तरी रात्र तालुक्यातच काढावी, असा माझा आग्रह आहे, आणि त्यामागे सोयीपेक्षा वेगळे कारण आहे. हा कापसाचा मुलूख. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली की बायाबापड्या सकाळीच शेतात जातात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे गावात थांबलेला प्रत्येक तास मजुरीतून वजा होतो. अशा दिवसांत अकरा वाजता येऊन चार वाजता परतणाऱ्या पाहुण्याला गावात कोण भेटते? वृद्ध, लहान मुले आणि ज्यांना शेतात जाण्याची गरज नाही असे चार लोक. त्यांचे म्हणणे ऐकून तो गावाचे मत लिहून नेतो. ज्यांच्या नावाने योजना आखली, त्या मजूर स्त्रिया दिवेलागणीला घरी येतात, आणि तोपर्यंत साहेबांची शेवटची बस निघून गेलेली असते. महिलांची ग्रामसभा भर वेचणीच्या दिवसांत दुपारी बोलवावयाची आणि उपस्थिती नाही म्हणून हळहळावयाचे, हा प्रकार आपण बंद केला पाहिजे. सभा रात्री आठला ठेवावी. त्यासाठी सभा घेणाऱ्याचा मुक्काम गावात असावा लागतो.

कोलाम बांधवांच्या वस्त्यांविषयी हे अधिकच खरे आहे. त्यांच्या वस्तीला पोड म्हणतात. पुष्कळ पोड मूळ गावापासून दूर आहेत आणि घरात बोलली जाणारी कोलामी भाषा मराठीहून अगदी निराळी, द्राविडी कुळातील आहे. मारेगाव तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात, आणि राज्याच्या २०१४ च्या पेसा नियमांनुसार अशा क्षेत्रातील पाड्याला वा पोडाला स्वतंत्र गाव म्हणून आपली ग्रामसभा मागता येते. पोडावर जाताना आधी तेथील नाईकाला निरोप द्यावा, दुभाषी माणूस बरोबर घ्यावा आणि दिलेल्या वेळेला पोहोचावे. कोणाच्या घरात, विशेषतः देवाच्या जागेजवळ, न विचारता शिरू नये. छायाचित्रे तर विचारल्याशिवाय मुळीच काढू नयेत.

मुक्कामाचा प्रश्न स्त्रियांच्या बाबतीत वेगळ्याच वजनाचा होतो. आरोग्यसेविका, पर्यवेक्षिका, प्रशिक्षणाला आलेली शिक्षिका, परीक्षेच्या कामी नेमलेली प्राध्यापिका यांना रात्र काढण्याजोगी एकही खात्रीची खोली नसेल तर त्या अंधार पडण्यापूर्वी निघतात, आणि त्यांनी निघालेच पाहिजे. मग आपण म्हणतो की बाई थांबत नाहीत. मुख्यालयी राहण्याचा व घरभाडे भत्त्याचा वाद आपणा सर्वांना तोंडपाठ आहे. पण गावात भाड्याने देण्याजोग्या, स्वतंत्र संडास असलेल्या खोल्या किती आहेत, याची यादी किती ग्रामपंचायतींनी केली आहे? ही यादी करण्यास अनुदान लागत नाही, ठरावही लागत नाही.

नगरपंचायत व ग्रामपंचायत सदस्यांना म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. समाजमंदिरातील किंवा पंचायतीच्या इमारतीतील एक खोली पाहुण्यांसाठी राखून ठेवावी. तिला आतून कडी असावी, लगतच संडास व पाणी असावे, दिवा असावा, दोन खाटा आणि धुतलेल्या चादरी असाव्यात. खोलीची किल्ली कोणाकडे मिळेल आणि जेवणाची सोय कोणाकडे होईल, हे बसथांब्यावरच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावे. जेवण गावातील एखाद्या महिला बचत गटाकडे सोपवावे व दर ठरवून द्यावा, म्हणजे पाहुण्याला संकोच नाही आणि गटाला चार पैसे मिळतात. मुक्कामाची नोंदवही ठेवावी. तीत नाव, काम व ओळखपत्राचा क्रमांक लिहून घ्यावा. सुरक्षिततेसाठी ते आवश्यक आहे. खोलीचे भाडे अल्प असले तरी पावती फाडूनच घ्यावे. फुकटची खोली लवकरच अडगळीची खोली होते, आणि तीत पुढे खतांची पोती व निवडणुकीचे फलक येऊन पडतात, हा आपला सर्वांचा अनुभव आहे.

पाहुण्याकडूनही काही अपेक्षा आहे. आठवडी बाजार कोणत्या वारी भरतो, हे त्याने पत्रातच विचारून घ्यावे. बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतील माणसे आपण होऊन तालुक्याला येतात, त्यामुळे एका दिवसात अनेक गावांची भेट होते. मात्र त्याच दिवशी एखाद्या खेड्यात जाल तर तेथे कोणी सापडणार नाही. पत्रात येण्याची तारीख, सोबतची माणसे आणि काम स्पष्ट लिहावे. दौरा रद्द झाल्यास तेही कळवावे, कारण तुमच्यासाठी एखाद्या मजुराने वेचणीचा दिवस पाडलेला असू शकतो.