कॅमेऱ्यामागची माणसे



व्याख्यानमालेच्या चालकांनी आमचा विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले, "अनुबोधपटाविषयी बोलू." त्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी काळजी उमटली ती आमच्या परिचयाची आहे. आपल्यातल्या वडीलधाऱ्या मंडळींना आठवत असेल की, एके काळी मुख्य चित्रपटाच्या आधी फिल्म्स डिव्हिजनचा एक लघुपट सक्तीने दाखवीत. त्या दहा-पंधरा मिनिटांत निम्मे प्रेक्षक बाहेर विडी ओढत, नाही तर भुईमुगाच्या शेंगा घेत उभे असत. आम्हीही त्यांतलेच. पडद्यावर धरण असे, खताचा कारखाना असे आणि वरून एक भारदस्त आवाज आपणांस उपदेश करीत असे. त्या आवाजाचा धनी कधी दिसत नसे. आणि पडद्यावर जी माणसे दिसत, त्यांना आवाज नसे.

आज आम्ही सांगणार आहोत ती एवढीच गोष्ट. पडद्यावरच्या गरीब माणसाला आवाज कोणी दिला, कसा दिला, आणि तो देणाऱ्यांवर कोणते ऋण चढले? त्यासाठी आपणांस थोडा वेळ 1935 सालच्या लंडनमध्ये यावे लागेल.

लंडनच्या पूर्व भागात स्टेपनी नावाची वस्ती आहे. गोदीकामगार, शिंपी, हमाल, परदेशांतून आलेले निर्वासित अशांची ही वस्ती. शंभर-शंभर वर्षांची घरे, एका खोलीत आख्खे कुटुंब, भिंतींत ओल, लाकडात ढेकूण, जमिनीखाली उंदीर. 1930 साली तिथल्या पार्लमेंटने अशा गलिच्छ वस्त्या पाडून नवी घरे बांधण्याचा कायदा केला होता. पण कायदा झाला म्हणजे घर झाले असे नाही, हे आपल्या नगरपालिकांच्या अनुभवावरून आपण जाणताच.

या वस्तीवर 1935 साली 'हाउसिंग प्रॉब्लेम्स' नावाचा सुमारे पंधरा मिनिटांचा अनुबोधपट निघाला. त्याचे कर्ते दोघे, आर्थर एल्टन आणि एडगर ॲन्स्टी. दोघेही तिशीच्या आतले आणि दोघेही जॉन ग्रिअर्सनच्या तालमीतले. ग्रिअर्सन हा स्कॉटलंडमधल्या एका शाळामास्तरांचा मुलगा. 1929 साली त्याने हेरिंग मासे पकडणाऱ्या कोळ्यांवर 'ड्रिफ्टर्स' हा मूकपट काढला. पुढे सरकारी खात्यांच्या आश्रयाने त्याने तरुण मुलांचे एक पथक जमवले. नट नकोत, स्टुडिओतले खोटे देखावे नकोत, कामकरी माणूस त्याच्या कामाच्या ठिकाणी दाखवा, ही त्याची शिकवण. एल्टन पुढे वडिलांच्या पश्चात बॅरोनेट झाला, इतक्या मोठ्या घरचा मुलगा. त्याला यंत्रांचे विलक्षण वेड. स्टेपनीच्याच साली त्याने नोकऱ्यांच्या सरकारी कचेरीवर 'वर्कर्स अँड जॉब्ज' हा पट केला होता, आणि त्यात खऱ्या माणसांना स्वतःच्या तोंडाने बोलू दिले होते. ॲन्स्टीने मासेमारीच्या बोटीवर 'ग्रँटन ट्रॉलर' केला होता.

आता पैशाचे बोलू, कारण अनुबोधपटाच्या कर्त्यांविषयी बोलताना पैसा देणाऱ्याला वगळणे हे खोटेपणाचे होईल. 'हाउसिंग प्रॉब्लेम्स'चा खर्च उचलला तो गॅसधंद्याच्या संघटनेने. गॅसवाल्यांना गरिबांचा कळवळा कुठून आला, असे आपण विचाराल. विजेची स्पर्धा वाढत होती. जुन्या वस्त्या पडल्या आणि नव्या इमारती उठल्या, तर प्रत्येक घरात गॅसची शेगडी आणि गॅसचा बंब बसणार होता. हिशेब सरळ होता. परंतु गॅस कंपनीचे प्रसिद्धीखाते सांभाळणारे एस. सी. लेस्ली हे गृहस्थ शहाणे निघाले. शेगडीची स्तुती करणाऱ्या पटापेक्षा घरांची दुर्दशा दाखवणारा पट आपल्या अधिक उपयोगी पडेल, हे त्यांनी ओळखले. स्वार्थ आणि परमार्थ एकाच गाडीत बसून निघाल्याची ही एक दुर्मिळ हकीकत होय.

अडचण पुढेच होती. त्या काळी बोलपटाचा आवाज मुद्रित करावयाचा म्हणजे आजच्यासारखे खिशातले यंत्र नव्हते. आवाजाची सामग्री मोटारगाडीत भरून न्यावी लागे, आणि दिव्यांचा सरंजाम वेगळाच. दहा फुटांच्या खोलीत हे सगळे नेऊन बसवायचे, तारा ओढायच्या, आणि मग त्या घरच्या बाईला म्हणायचे की, आता संकोच न करता बोला! छायाचित्रणाचे काम जॉन टेलर या विशीतल्या तरुणाकडे होते. ग्रिअर्सनचा तो मेहुणा. त्या आधी 'मॅन ऑफ आरान' या पटासाठी रॉबर्ट फ्लाहर्टीच्या हाताखाली त्याने उमेदवारी केली होती. आवाजाची बाजू यॉर्क स्कार्लेटने सांभाळली.

कॅमेरा हाताशी असला की कलावंताला मोह होतो. छाया-प्रकाशाचा खेळ करावा, जिन्याखालून कोन साधावा, रडणाऱ्या मुलाचे डोळे पडदाभर दाखवावेत, असे त्याला वाटते. या मंडळींनी तो मोह टाळला. कॅमेरा माणसाच्या समोर, सरळ उभा केला आणि त्याला बोलू दिले. हा पट आपला नव्हे, बोलणाऱ्यांचा आहे, अशी आपली भावना होती, असे ॲन्स्टीने पुढे सांगितले आहे. श्रोतेहो, कलावंताने 'हे माझे नव्हे' म्हणणे सोपे नसते. आमच्या मते या पटातली सर्वांत मोठी कला तीच.

आणि ती माणसे बोलली! एक बाई उभी राहून सांगते की, या घरातले सगळेच वाकडे झाले आहे, वरचा मजला खाली यायला निघाला आहे. एक गृहस्थ त्या कोंदट जागेत आपली लेकरे दगावल्याचे सांगतो, आणि आवाज चढवीत नाही. दुसरी एक बाई घरात शिरलेल्या उंदराची कथा सांगते ती अशा रंगात येऊन, की आपल्याकडच्या एखाद्या कीर्तनकारानेही मान डोलवावी. दुःख सांगताना माणूस रडतोच असे नाही, पुष्कळदा तो गोष्ट रंगवून सांगतो. हे आपण आपल्या आळीत, चाळीत रोज पाहतो. पडद्यावर ते त्या काळी प्रथमच इतक्या उघडपणे दिसले.

पण ही माणसे परक्यांसमोर इतकी मोकळी झाली कशी? इथे आमच्या कथेतली खरी नायिका येते, आणि पटाच्या नामावळीत तिचे नाव नाही. ती रूबी ग्रिअर्सन, जॉनची धाकटी बहीण. पेशाने ती शिक्षिका होती. यंत्रांचे ज्ञान एल्टनपाशी होते, योजकता ॲन्स्टीपाशी होती, पण अनोळखी बाईच्या स्वयंपाकघरात बसून तिचा विश्वास मिळवण्याची विद्या रूबीपाशी होती. ती त्या कुटुंबांत गेली, बसली, ऐकत राहिली. कॅमेरा तुमचा आहे, मायक्रोफोन तुमचा आहे, तुम्ही कशात दिवस काढता ते त्या लोकांना आता स्पष्ट सांगून टाका, अशा आशयाचे तिचे शब्द सांगितले जातात. त्यात एक शिवीही होती, ती आम्ही या व्यासपीठावरून उच्चारीत नाही! आपल्या थोर बंधूलाही तिने सोडले नाही. तू माणसांकडे काचेच्या भांड्यातल्या माशांसारखा पाहतोस, मी ते भांडे फोडणार आहे, असे तिने जॉनला सुनावल्याची आठवण त्याने स्वतःच पुढे नमूद केली.

पुढे 'टुडे वुइ लिव्ह' या 1937 सालच्या पटात एका खेड्यातल्या स्त्रियांनी गावासाठी सभागृह कसे उभारले, तो भाग रूबीने दिग्दर्शित केला. 1940 साली युद्धकाळातल्या गृहिणींवर तिने 'दे ऑल्सो सर्व्ह' केला. त्याच वर्षी इंग्लंडमधली मुले बॉम्बपासून वाचवण्यासाठी कॅनडाला धाडली जात होती. त्यांच्यावर पट करण्यासाठी रूबी त्यांच्याबरोबर निघाली. जहाजाचे नाव 'सिटी ऑफ बनारस'. इंग्लंड-हिंदुस्थान फेऱ्यांसाठी बांधलेले हे जहाज, आणि त्यावर आपल्याकडचे खलाशी मोठ्या संख्येने होते. 17 सप्टेंबर 1940 च्या रात्री अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुडीने ते बुडवले. सरकारी योजनेतून निघालेल्या 90 मुलांपैकी 77 मुले गेली. रूबीही गेली. ज्यांची गोष्ट सांगायची, त्यांच्याच बोटीत बसायचे, हा तिचा बाणा अखेरपर्यंत टिकला.

आता या पटाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाही तर आमचे व्याख्यान म्हणजेच एक जाहिरात होईल. 'हाउसिंग प्रॉब्लेम्स'मध्ये रहिवासी आपले हाल सांगतात, पण त्या हालांचा अर्थ सांगतो तो स्टेपनीच्या गृहनिर्माण समितीचा अध्यक्ष. ही घरे कोणाच्या मालकीची, भाडे कोणाच्या खिशात जाते, हे प्रश्न पट विचारत नाही. पैसा देणाऱ्याला ते सोयीचे नव्हते. उपाय काय, तर नव्या टोलेजंग इमारती. लीड्स शहरातल्या क्वारी हिलच्या वसाहतीचा नमुना त्यात कौतुकाने दाखवला आहे. ती वसाहत उभी राहिली आणि 1978 साली पाडली गेली. म्हणजे त्या पटातला उपाय चार दशकांत जमीनदोस्त झाला, पण त्या बाईने सांगितलेली उंदराची गोष्ट अजून ताजी आहे. ब्रायन विन्स्टन या अभ्यासकाने तर असा आक्षेप घेतला की, या परंपरेने कामकरी माणसाला कायमचा 'बिचारा' करून ठेवले, तो लढतो-झगडतो हे दाखवलेच नाही. हा आक्षेप आम्हांला निखालस खोटा वाटत नाही.

याच प्रश्नाचा धागा थेट आपल्या मुंबईपर्यंत येतो. 1948 साली फिल्म्स डिव्हिजन निघाली ती मुंबईतच. उपदेशाचा तो भारदस्त आवाज तिथेही होता, पण सगळेच त्याचे दास नव्हते. 1967 साली एस. एन. एस. शास्त्रींनी 'आय ॲम ट्वेंटी' केला. देशाबरोबर जन्मलेल्या, वीस वर्षांच्या मुलामुलींना त्यांनी बोलते केले, आणि काहींनी सरकारी पटातच सरकारला न रुचणारे सांगितले. आम्ही शेंगा खायला बाहेर गेलो होतो, त्या वेळी आत हे चालले होते!

आणि 1985 साली आनंद पटवर्धनांचा 'हमारा शहर' आला. विषय स्टेपनीचाच, पण जागा मुंबईचे पदपथ आणि झोपडपट्ट्या. ज्यांनी शहर बांधले त्यांचीच घरे पाडली जात होती. त्या पटात एक प्रसंग आहे. घर मोडलेली एक बाई कॅमेऱ्याकडे पाहून संतापाने विचारते की, आमचे फोटो काढून तुम्ही नाव कमावणार, आम्हांला त्याचा काय उपयोग? दिग्दर्शकाला हा तुकडा कापता आला असता. त्याने तो ठेवला. रूबीने फोडू पाहिलेले काचेचे भांडे इथे आतून फुटले, असे आम्हांला वाटते. स्टेपनीची बाई आपल्या घराविषयी बोलली होती. मुंबईची बाई थेट कॅमेऱ्यामागच्या माणसालाच जाब विचारू लागली.

त्या जाबाला पटाने उत्तर देता येत नाही, वागण्याने द्यावे लागते. 1986 साली नरिमन पॉइंटजवळची संजय गांधी नगर ही वस्ती पाडली गेली, तेव्हा तिथल्या रहिवाशांबरोबर पटवर्धन उपोषणाला बसले. अभिनेत्री शबाना आझमीही बसल्या. अखेर त्या लोकांना गोरेगावच्या बाजूला पर्यायी जागा मिळाली. 'हमारा शहर'मध्ये विलास घोगरे या शाहिराचे गाणे आहे. 1997 साली घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली, आणि काही दिवसांत या शाहिराने स्वतःचे जीवन संपवले. ज्याच्या आवाजाने आपला पट जिवंत झाला, तो माणूस असा का गेला, या प्रश्नामागे पटवर्धन चौदा वर्षे चालत राहिले. त्यातून 2011 साली 'जय भीम कॉम्रेड' झाला. ऋण मानले की ते फेडायला किती वर्षे लागतात, याचा हा हिशेब आहे.

श्रोतेहो, आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. पुराचे पाणी शिरलेले घर, रस्त्यावर रडणारी म्हातारी, मोडलेली टपरी, आपण क्षणात टिपतो आणि क्षणात जगभर धाडतो. एल्टनला मोटारगाडीभर सामान लागत होते, आपल्याला बोट पुरते. पण रूबीपाशी जे होते ते कोणत्या दुकानात विकत मिळत नाही. कॅमेरा काढण्याआधी त्या म्हातारीजवळ घटकाभर बसायचे, तिचे नाव विचारायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे.

यापुढे आपण अनुबोधपट पहाल, तेव्हा तो संपताच उठू नका. सरकणारी नावे वाचा. पैसा कोणी दिला ते पहा. बोलणारी माणसे कोण आणि त्यांच्या वतीने अर्थ कोण सांगतो ते पहा. आणि ज्याचे नाव त्या यादीत आले नाही, पण ज्याच्यामुळे एखाद्या घराचे दार उघडले, त्याचीही क्षणभर आठवण करा. एवढे आपण केलेत तर आम्ही आजवर बाहेर उभे राहून खाल्लेल्या शेंगांचे थोडेफार प्रायश्चित्त झाले, असे समजू.