‘इन्फ्रक्चुअस’ ह्या शब्दाविषयी

इंग्लंडमधल्या एखाद्या सुशिक्षित गृहस्थापुढे ‘इन्फ्रक्चुअस’ हा शब्द ठेवला, तर तो बहुधा क्षणभर थबकेल. शब्द इंग्रजी आहे खरा, मोठ्या कोशांतून तो आढळतोही. पण तिकडच्या नित्याच्या बोलण्यालिहिण्यातून तो जवळजवळ नाहीसा झाला आहे. भारतात मात्र दिल्लीच्या सचिवालयापासून जिल्ह्याच्या कचेरीपर्यंत आणि सर्वोच्च न्यायालयापासून तालुक्याच्या दिवाणी न्यायालयापर्यंत त्याचा संचार अव्याहत चालू आहे. माहेरी कोणी विचारीत नाही आणि सासरी जिच्यावाचून पान हलत नाही, अशा सुनेसारखी ह्या शब्दाची अवस्था आहे.

लॅटिन भाषेत ‘फ्रुक्टस’ म्हणजे फळ. परंतु ज्या धातूपासून हा शब्द निघाला, त्याचा अर्थ उपभोग घेणे असा आहे. तेव्हा उपभोग आधी आणि झाडावरचे फळ मागाहून. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात ‘युझुफ्रक्चुअरी’ नावाचा गहाणाचा एक प्रकार सांगितला आहे. ऋणको जमिनीचा ताबा धनकोला देतो आणि कर्ज फिटेपर्यंत तिचे उत्पन्न धनको घेतो. आपल्याकडे ह्यालाच कब्जेगहाण म्हणत आले आहेत. हे दोन्ही शब्द एकाच कुळातले. एकात फळ दुसऱ्याच्या मुखी पडते. ‘इन्फ्रक्चुअस’मध्ये ते कोणाच्याच मुखी पडत नाही.

सरकारी अधिकाऱ्याची ह्या शब्दाशी पहिली ओळख होते ती लेखापरीक्षणाच्या आक्षेपातून, आणि ती सुखाची नसते. समजा, एका गावी रुग्णालयाची इमारत उभी राहिली, परंतु विजेची जोडणी झाली नाही. इमारत रिकामी आहे, तोवर तिच्यावरील रक्कम ‘आयडल’, म्हणजे पडून राहिलेली होय; उद्या वीज आली तर तिचा उपयोग होईल. पण पाया अर्धा खणल्यावर जागा अयोग्य ठरून ते काम कायमचे सोडून द्यावे लागले, तर तो खर्च ‘इन्फ्रक्चुअस’. टाळता आला असता तो ‘अव्हॉइडेबल’ खर्च आणखी निराळा. बाहेरच्या माणसाला हा शब्दच्छल वाटतो. ज्याला खुलासा लिहावा लागतो त्याला तो तसा वाटत नाही. कारण ह्या आक्षेपामागे सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतले एक साधे तत्त्व उभे असते: सामान्य समंजस माणूस स्वतःचा पैसा खर्च करताना जेवढी दक्षता घेतो, तेवढी सरकारी पैसा खर्च करताना प्रत्येक अधिकाऱ्याने घेतली पाहिजे. ती कोणी घेतली नाही, हा प्रश्न त्या एका विशेषणात दडलेला असतो. दक्षिण आफ्रिकेने तर १९९९ च्या आपल्या वित्तीय कायद्यात अशा खर्चाची व्याख्याच करून टाकली आहे: व्यर्थ गेलेला आणि वाजवी काळजी घेतली असती तर टळला असता, असा खर्च.

हाच शब्द न्यायालयाची पायरी चढला की त्याचा स्वभाव पालटतो. बढती नाकारली म्हणून कर्मचारी दाद मागतो. बढती थांबवावी अशी त्याची मागणी असते, आणि सुनावणी येईपर्यंत ज्याला बढती मिळाली तो निवृत्तही झालेला असतो. परीक्षेला बसू द्यावे म्हणून विद्यार्थी अर्ज करतो. परीक्षा होऊन जाते. अर्ज ‘इन्फ्रक्चुअस’ झाला, म्हणून निकालात काढला जातो. अर्जदार चूक ठरला नाही, बरोबरही ठरला नाही. मधला काळ कोणी घालवला हे त्या आदेशात बहुधा कोणी विचारीत नाही.

अमेरिकेत ह्या ठिकाणी ‘मूट’ हा शब्द योजतात. १९७४ साली डिफ्युनिस नावाच्या विद्यार्थ्याचे प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे होते. विद्यापीठाने विधिशाखेत प्रवेश नाकारला म्हणून तो न्यायालयात गेला, खालच्या न्यायालयाच्या आदेशाने त्याला प्रवेश मिळाला, आणि प्रकरण वरपर्यंत पोहोचले तेव्हा तो शेवटच्या सत्रात शिकत होता. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने विषय संपल्याचे ठरवले. प्रवेशात वंशाचा विचार करावा की नाही, हा मूळ प्रश्न तसाच राहिला. त्याचा विचार १९७८ मध्ये दुसऱ्या प्रकरणात व्हावा लागला.

भारतात नोटाबंदीच्या वेळी असाच पेच पडला. निर्णय ८ नोव्हेंबर २०१६ चा. प्रकरण पाच न्यायाधीशांकडे सोपवले ते त्याच वर्षी १६ डिसेंबरला. आणि निकाल २ जानेवारी २०२३ चा. जुन्या नोटा केव्हाच इतिहासजमा झाल्या होत्या, आता हा प्रश्न केवळ चर्चेपुरता उरला आहे, असे सरकारतर्फे सांगण्यात आले. तरीही न्यायालयाने प्रकरण ऐकले, आणि चार विरुद्ध एक मतांनी सरकारचा निर्णय वैध ठरवला. भिन्न मत देणाऱ्या न्यायमूर्ती नागरत्ना ह्यांना तो बेकायदा वाटला. पण झालेली गोष्ट परत फिरवता येणार नाही, हे त्यांनाही मान्य करावे लागले. फळ लागण्याचा हंगाम टळून गेला होता, तरी झाडाची परीक्षा तेवढी झाली.

मराठीत ह्या शब्दासाठी निष्फळ, विफल, व्यर्थ असे संस्कृत प्रतिशब्द सर्रास वापरले जातात आणि ते चुकीचे नाहीत. पण त्यांच्यात इंग्रजी शब्दाचीच संदिग्धता उतरली आहे. दोष कोणाचा, ह्याविषयी तेही मौन पाळतात. घरातली मराठी मात्र इतकी भिडस्त नाही. पीक पोचट निघाले तर शेतकरी ‘हंगाम वाया गेला’ म्हणतो. पेरणीच वेळेवर केली नसेल, तर त्याची म्हातारी आई ‘हंगाम वाया घालवलास’ म्हणते. लेखापरीक्षकाचा ‘इन्फ्रक्चुअस’ हा वाया घालवलेला, न्यायालयाचा वाया गेलेला. दोन्ही कागद पुष्कळदा एकाच फायलीत असतात, आणि भाषांतरकार दोन्हीकडे ‘निष्फळ’ असे लिहून मोकळा होतो.