वाढलेल्या आयुष्याचा हिशेब



पगारवाढीचा हिशेब मांडणे हा आमचा नित्याचा उद्योग. आज मांडावयाचा आहे तो बायकांच्या वाढलेल्या आयुष्याचा.

सृष्टीचा नियम असा की, अन्न आणि औषध सारखे मिळाले, तर स्त्री पुरुषापेक्षा अधिक जगते. आपल्या देशात हा नियम कित्येक दशके उलटा चालला. 1951 ते 1960 या दशकात पुरुषांचे सरासरी आयुर्मान 41.9 वर्षे होते, स्त्रियांचे 40.6. याचा अर्थ सर्व बायका चाळिशीत मरत असा नव्हे. पाळण्यातली पोर दगावे, बाळंतपणात सून जाई, आणि सरासरी खाली येई. सर्वांच्या मागून उरलेसुरले खाणारी बाई कशाच्या बळावर टिकणार?

1980 च्या सुमारास पारडे फिरले. 2016 ते 2020 या काळात पुरुषांचे आयुर्मान 68.6, तर स्त्रियांचे 71.4 भरले. 2018 ते 2020 मध्ये महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे 33 माता दगावल्या. साऱ्या देशाचा आकडा 97 होता. हे आपोआप झाले नाही. देवीची लस, हिवतापाची मोहीम, दवाखान्यातले बाळंतपण आणि गावोगाव पायपीट करणाऱ्या नर्सबाई यांचे हे श्रेय आहे.

पण बाईचे आयुष्य वाढले म्हणजे पुष्कळदा वैधव्यच वाढले. आपल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी 1880 साली जन्मल्या, ऐन तिशीत विधवा झाल्या, आणि पुढे चाळीस वर्षे शेतात आणि घरात राबून 1951 साली जळगावात वारल्या. अक्षरओळख नव्हती; त्यांची गाणी घरच्यांनी उतरून ठेवली म्हणून 1952 साली पुस्तक निघाले. ज्यांचे काही कोणीच उतरून ठेवले नाही, अशांची गणती किती? 2011 च्या खानेसुमारीत साठीपुढच्या 1000 पुरुषांमागे 1033 स्त्रिया होत्या, आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्या विधवा.

एक उदाहरण सांगतो. जिनात तीस वर्षे कापूस उपसलेली एक आजी आमच्याकडे आली. श्रावणबाळ योजनेला 65 वर्षे पुरी लागतात. वय विचारले, तर म्हणाली, "माले काय माहीत, भाऊ?" कार्डावर कोणी अंदाजाने जन्मसाल 1965 घातलेले. ते खरे धरावे, तर 1972 च्या दुष्काळी कामावर खडी फोडताना ती सात वर्षांची होती, आणि झोळीत मात्र तिचे मूल निजले होते! कचेरीत आम्ही हेच मांडले. वय दुरुस्त झाले, पण त्यात दोन वर्षे गेली, आणि त्या दोन वर्षांची रक्कम काही मिळाली नाही.

कचेरीला आम्ही पुष्कळ बोललो. मग घरी येऊन स्वतःला विचारले: तीस वर्षांत या बाईचे नाव आम्ही तरी कोठे लिहिले होते? गिरणीतल्या पुरुष कामगाराच्या ग्रॅच्युइटीसाठी आम्ही भांडलो. धुळ्याच्या, जळगावच्या जिनांत आणि डाळमिलींत ठेकेदाराच्या हाताखाली राबणारी बाई आमच्या वहीत नव्हतीच. सभेला ती पुढे बसे. सभासदांच्या यादीत मात्र तिला जागा नव्हती. हा दोष आमचा.

श्रावणबाळची रक्कम 2023 साली हजारावरून दीड हजार झाली. तेवढ्यात महिना कसा काढावा, हे घरखर्च पाहणाऱ्या भगिनींना आम्ही सांगावयास नको. म्हणून मागणी साधी आहे. कामावर घेतलेल्या प्रत्येक बाईला तिच्या नावाचे, जन्मसालाचे आणि भरलेल्या दिवसांचे हजेरीकार्ड पहिल्याच दिवशी मिळावे. शेतीच्या उताऱ्यावर तिचे नाव नवऱ्याच्या हयातीतच चढावे.

आणखी एक आकडा सांगून पुरे करतो. 2011 साली जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या 1000 मुलांमागे मुली होत्या 842. एका टोकाला आजी जगू लागली, आणि दुसऱ्या टोकाला नात येऊच दिली जात नाही. यात सरकारकडे बोट दाखवून भागणार नाही. ही वजाबाकी आपल्याच घरात झालेली आहे, आणि ती आपणच भरून काढली पाहिजे.