वाळूतून वर आलेली 'बॅब्स'
(हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



खमरियात वाढलेल्या माणसाला तोफेच्या आवाजाचे नवल वाटत नाही. येथील लाँग प्रूफ रेंजवर दारूगोळ्याची पारख होते. १९०४ पासूनची गन कॅरेज फॅक्टरी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली ऑर्डनन्स फॅक्टरी आणि १९६९ मध्ये सुरू झालेली व्हेईकल फॅक्टरी यांच्या भोंग्यांवर येथील कित्येक घरांचे दिवस उगवले आणि मावळले. यंत्राची कथा म्हणजे येथे घरचीच कथा. आजच्या कथेतील गाव मात्र दूरचे, वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचे आहे. पेंडाइन हे त्याचे नाव. तेथेही समुद्रकाठी संरक्षण खात्याचे असेच एक चाचणीक्षेत्र आहे, आणि त्याच्या कुंपणाआड, वाळूखाली, बेचाळीस वर्षे एक शर्यतीची मोटार पुरलेली होती.

जुन्या मोटारी म्हटल्या की आपल्याकडे संस्थानिक आठवतात. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी अमेरिकन ड्यूसेनबर्गवर लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी बांधून घेतली होती. तिची छायाचित्रे अजूनही पाहणाऱ्याला थांबवतात. तशा गाड्यांना पुढेही धनिक जपणारे मिळतात. 'बॅब्स'चे भाग्य निराळे होते. तिला वाचवले ते तंत्रविद्यालयातील एका शिक्षकाने.

ही गाडी मुळात काउंट लुई झ्बोरोव्स्की या हौशी, श्रीमंत तरुणाची. 'चिटी चिटी बँग बँग' या बालकथेतील मोटारीचे नाव ज्याच्या गाड्यांवरून आले, तोच हा गृहस्थ. पहिल्या महायुद्धात विमानांसाठी बनवलेले बारा सिलिंडरांचे अमेरिकन लिबर्टी इंजिन त्याने मोटारीत बसवले. त्याची क्षमता सत्तावीस लिटर! मारुती ८०० ची चौतीस इंजिने एकत्र केली तर एवढा आकडा होतो. (याच इंजिनाच्या ब्रिटिश आवृत्तीवर दुसऱ्या महायुद्धात क्रुसेडर रणगाडे धावले, हे येथील कारखान्यांत आयुष्य घालवलेल्या ज्येष्ठांना रोचक वाटेल.) गिअरबॉक्स जुन्या जर्मन शर्यती गाडीतला, आणि मागच्या चाकांना गती पोचवायला सायकलीसारख्या, पण कितीतरी दणकट साखळ्या. १९२४ मध्ये झ्बोरोव्स्की इटलीतील मोंझा येथे शर्यतीत मरण पावला आणि ही अवाढव्य गाडी अवघ्या १२५ पौंडांना विकली गेली.

घेणारा होता जॉन गॉडफ्री पॅरी-थॉमस. वेल्समधील रेक्सम येथे जन्मलेला हा माणूस लेलँड मोटर्सचा मुख्य अभियंता होता. स्वतः रेखाटावे, स्वतः जुळवावे आणि त्यावर स्वतःच बसून वेग आजमावावा, असा त्याचा स्वभाव. त्याने इंजिनाला स्वतःच्या आराखड्याचे पिस्टन आणि चार कार्ब्युरेटर दिले, गाडीचे नाव 'बॅब्स' ठेवले आणि १९२६ च्या एप्रिलमध्ये ती पेंडाइनच्या सपाट वाळूवर नेली. तेथे तिने ताशी सुमारे २७५ किलोमीटरचा, म्हणजे १७१ मैलांचा जागतिक विक्रम केला. पुढच्या फेब्रुवारीत त्याच वाळूवर माल्कम कॅम्बेलने तो मोडला. महिन्याभरात, ३ मार्च १९२७ रोजी, पॅरी-थॉमस विक्रम परत मिळवण्यासाठी उतरला. गाडी उलटली आणि तो जागीच गेला. वय एक्केचाळीस. ज्या आकड्यासाठी ही धडपड होती तो त्यानंतर महिनाभरही टिकला नाही. मार्चअखेरीस सीग्रेव्हने अमेरिकेतील डेटोनाच्या किनाऱ्यावर ताशी दोनशे मैलांची मर्यादा ओलांडली.

पॅरी-थॉमसचे दफन इंग्लंडमधील बायफ्लीटच्या चर्चच्या आवारात झाले. मोडलेली 'बॅब्स' तेथेच किनाऱ्यावर पुरण्यात आली. साखळी तुटून चालकाला लागली, हा अपघाताचा अर्थ जवळजवळ सर्वमान्य झाला. त्यात एक ठपकाही दडला होता: इतक्या वेगाला साखळीचा भरवसा धरावाच कसा? ज्याने आयुष्यभर प्रत्येक सुट्या भागाचा हिशेब ठेवला, त्याच्या विवेकावरचा हा ठपका. उत्तर देऊ शकणारा एकमेव साक्षीदार वाळूखाली होता.

ओवेन विन ओवेन हे वेल्समधील बँगोरच्या तंत्रविद्यालयात अभियांत्रिकी शिकवीत. गाडी बाहेर काढण्याची कल्पना त्यांनी मांडली तेव्हा वाद झालाच. स्मारक उकरू नये, ही भावना टाकाऊ म्हणता येत नाही. परंतु देह तेथे नव्हता. होते ते एका अभियंत्याचे काम, आणि खाऱ्या ओलाव्यात ते दरवर्षी थोडे थोडे नष्ट होत होते. संरक्षण खाते, गाव आणि पॅरी-थॉमसचे नातलग यांच्या संमतीचा प्रश्न आधी सोडवावा लागला. ओवेन यांनी घाई केली नाही, हे या प्रकरणातील सर्वांत शिकण्याजोगे वाटते. १९६९ मध्ये अखेर वाळू उपसली गेली.

वर आले ते पाहून कोणालाही भंगारवालाच आठवला असता. बाहेरचा पत्रा बहुतेक खाऊन गेलेला, सांध्यांत वाळू आणि मीठ. अशा वेळी दोन मोह होतात. एक, आहे तसेच काचेत ठेवून द्यावे. दुसरा, सगळे नवे करून झगझगीत गाडी उभी करावी. ओवेन यांनी तिसरी, फार कष्टाची वाट धरली. एकेक भाग सोडवायचा, त्यातले मीठ काढायचे, मापे घ्यायची, आणि मूळचा भाग पुन्हा काम देऊ शकतो का ते ठरवायचे. देत असेल तर तोच बसवायचा. अगदीच निकामी असेल तर त्याच्याच मापाने नवा घडवायचा. मोडका तुकडाही टाकायचा नाही, कारण नव्याची मापे त्याच्यावरूनच निघतात. टर्नर आणि फिटर मंडळींना या वाक्यांत किती रात्री भरल्या आहेत ते वेगळे सांगायला नको. शिक्षकाच्या पगारात, शिकवणे सांभाळून, हे काम सुमारे पंधरा वर्षे चालले.

गाडी हाताशी आल्यावर अपघाताकडेही नव्याने पाहता आले. साखळीची जुनी कथा अवशेषांशी नीट जुळेना. संशय मागच्या चाकाकडे वळला: चाक आधी निकामी झाले असावे आणि साखळीचे तुटणे हा त्याचा परिणाम असावा. न्यायालयात टिकेल असा हा निकाल नव्हे, आणि तसा दावा करणे उतावीळपणाचे ठरेल. पण चार दशके एकाच दिशेने रोखलेले बोट खाली आले, एवढे खरे.

पुढे ते लिबर्टी इंजिन पुन्हा सुरू झाले. त्याचा आवाज ऐकणे म्हणजे जमीन हादरणे. जेथे ती पुरली गेली होती त्या पेंडाइनच्या संग्रहालयात 'बॅब्स' उन्हाळ्यात मांडली जाऊ लागली. एरवी ती ब्रुकलँड्सच्या जुन्या शर्यतमार्गावरील संग्रहालयात पाहायला मिळे. बायफ्लीट तेथून अगदी जवळ आहे.