क्रँक बदलून इंजिनाचा जोर वाढतो का?

(रेडिओवरील भाषण)



जुना ट्रॅक्टर नांगराला कुंथायला लागला, की गॅरेजमध्ये हमखास एक तोड निघते. "याच जातीच्या मोठ्या इंजिनाचा क्रँक भंगारात मिळतोय. तो बसवू. स्ट्रोक वाढेल, जोर वाढेल." गोष्ट खोटी नाही; पण ती अर्धीच आहे.

फोर्डचे तीन सिलिंडरचे जुने ट्रॅक्टर घ्या. यांतला ३००० आपल्याकडे फरीदाबादला १९७१ पासून तयार होऊ लागला. त्याचं बोअर ४.२ इंच आणि स्ट्रोकही ४.२ इंच. त्याचा परदेशातला धाकटा भाऊ २०००. बोअर तेच, स्ट्रोक मात्र ३.८ इंच. धाकट्याचं इंजिन १५८ घनइंचांचं, थोरल्याचं १७५ चं. नुसत्या स्ट्रोकवर दहा टक्के वाढ. ऐकून कुणालाही मोह होईल.

पण स्ट्रोक ०.४ इंच, म्हणजे १० मिलिमीटर वाढला, तर पिस्टन ५ मिलिमीटर जास्त खाली जाणार आणि ५ मिलिमीटर जास्त वर येणार. डिझेल इंजिनात वर आलेला पिस्टन आणि हेड यांत जागा असते जेमतेम मिलिमीटरभर. नुसता क्रँक बदलला तर पिस्टन हेडवर आदळेल. कोणी म्हणेल, गास्केट जाड घालू. पाच मिलिमीटर? कोणी म्हणेल, पिस्टनचा माथा लेथवर उतरवू. त्या माथ्यातल्या खळग्यातच डिझेल जळतं. तो उथळ झाला की जळण बिघडलं, धूर वाढला. क्रँकबरोबर त्याच इंजिनाचे पिस्टन हवेत, कनेक्टिंग रॉड जुळायला हवेत, आणि पार्ट नंबर पुस्तकाशी ताडून बघायला हवेत. "बसतोय" एवढ्यावर विसंबू नका.

शिवाय स्ट्रोक वाढला म्हणजे हवा जास्त आली. डिझेल पंप पहिल्याइतकंच डिझेल देणार असेल तर जोर कुठून येणार? पंप बेंचवर लावून घ्यावा लागतो. आणि वाढलेला जोर त्याच जुन्या क्लच-गिअरवर, वाढलेली उष्णता त्याच रेडिएटरवर!

क्रँक घेतलाच, तर पैसे देण्याआधी मोजा. व्ही-ब्लॉकवर ठेवून क्रँकपिन अगदी वर असताना उंची घ्या, मग अगदी खाली असताना घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे स्ट्रोक. नंतर तो धुऊन रॉकेल लावा, कोरडा पुसा, खडूची पूड टाका आणि थोडं थांबा. पुडीत ओली रेघ उमटली तर तडा आहे, परत करा. तडा बहुधा जर्नलच्या कोपऱ्यात असतो. ग्राइंडिंगवाल्याला त्या कोपऱ्यातली गोलाई राखायला बजावा. ती काटकोनी झाली की क्रँक तिथेच तुटतो.

विहिरीवरच्या इंजिनवाल्यांनी तर या भानगडीत पडूच नये. किर्लोस्करच्या एव्ही-१ चं बोअर ८० मिलिमीटर, टीव्ही-१ चं ८७.५, स्ट्रोक मात्र दोन्हींचा ११० च. क्रँक बदलून वाढणार काय?

माझं मत विचाराल, तर आधी एअर फिल्टर, नोझल, व्हॉल्व्ह आणि रिंगा तपासा. क्रँक झिजून बादच झाला असेल आणि थोरल्या इंजिनाचा पूर्ण जुळणारा संच स्वस्तात मिळत असेल, तरच हा विचार करा. नाहीतर आहे त्याच मापाचा घाला.

बरंय, रामराम.